बाटलीतल्या कोल्ड कॉफीची चव कशी पाहायची?

फ्रीजमधून नुकतीच काढलेली कोल्ड कॉफी पहिल्या दोन घोटांत सगळ्यांनाच आवडते. मे महिन्यात पणजीच्या कदंब बसस्थानकावर घामाने चिंब होऊन उभं असताना हातात गार बाटली आली, तर आत कॉफी आहे की नुसतं गोड दूध, याचा विचार कोण करतो? गारव्याने जीभ बधिर होते. गोडवा दबतो, वास तर जवळजवळ येतच नाही, आणि बाटली संपेपर्यंत मत बनवायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून चव पाहायची तर थोडं उलटं वागावं लागतं. बाटली गार असताना निकाल द्यायचा नाही, तिचा गारवा उतरू लागला की द्यायचा. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

घरात नेहमी आणायची कॉफी ठरवायची असेल, होमस्टेच्या फ्रीजमध्ये काय भरायचं हा प्रश्न असेल, किंवा दुकानात कोणता माल ठेवावा ते कळत नसेल, तर एक सकाळ काढा. सोबत तीन-चार माणसं असली तर उत्तम. एकट्यानेही जमतं.

आधी जात ओळखा

दुकानात एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या या बाटल्या मुळात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी यांची तयार कॉफी. टेट्रापॅक, प्लास्टिकची बाटली, डबा अशा रूपांत ती मिळते आणि बाजारातला मोठा वाटा हिचाच. दुसरं कॉफीच्या स्वादाचं दूध. त्यात कॉफी नावापुरती असते, पण बाटलीवर चित्र मात्र भाजलेल्या बियांचंच. तिसरी कोल्ड ब्रू, म्हणजे दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा ते चोवीस तास भिजवून गाळलेला काळा अर्क. यात बहुधा दूध नसतं आणि साखर नसते किंवा कमी असते.

या तिघींना एका रांगेत बसवून तुलना केली की दुधाची साखरवाली जिंकणार हे ठरलेलं आहे. म्हणून एका बैठकीला एकच जात घ्या.

दूध घातलेली डब्यातली कॉफी जपानच्या यूसीसी कंपनीने १९६९ साली बाजारात आणली. अमेरिकेत स्टारबक्सने पेप्सीको कंपनीबरोबर १९९६ साली बाटलीतली फ्रॅपुचिनो विकायला काढली. गोव्यात नेस्लेचे फोंडा आणि डिचोली तालुक्यांत कारखाने आहेत, त्यामुळे ‘ही इथलीच, ताजी’ असं दुकानदार कधी कधी सांगतो. ते मनावर घेऊ नका. नेस्लेची इन्स्टंट कॉफी म्हैसूरजवळच्या नंजनगुडला बनते. आणि बंद बाटलीतल्या कॉफीचा ताजेपणा कारखाना किती जवळ आहे यावर ठरत नाही. बाटली किती दिवस कुठे पडून होती, यावर ठरतो.

खरेदी करताना

दुधाची बंद कॉफी साधारण दोन पद्धतींनी टिकवतात. एकीत दूध १३५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात भरतात. दुसरीत डबा किंवा बाटली आधी भरून, बंद करून, मग सगळीच १२० अंशांच्या आसपास बराच वेळ तापवतात. दोन्ही प्रकार न उघडता फ्रीजबाहेर टिकतात. टिकणं म्हणजे नासत नाही, एवढंच. चव मात्र उष्णतेने सरकत राहते. कॉफीतली काही आम्लं हळूहळू तुटून आंबूसपणा वाढतो, दूध आणि साखर यांची आतल्या आत विक्रिया चालू राहून रंग गडद होतो, आणि आटवलेल्या दुधासारखा वास जड होत जातो.

म्हणून उत्पादनाची तारीख बघा. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ यावरून माल वापरण्याजोगा आहे की नाही ते कळतं. चवीचा अंदाज उत्पादनाच्या तारखेवरून येतो. तुलना करायच्या सगळ्या बाटल्या शक्यतो एकाच महिन्याच्या घ्या. किनाऱ्याकडच्या दुकानांत पर्यटनाचा हंगाम संपल्यावर राहिलेला माल पावसाळाभर पडून असू शकतो, तिथे तर तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका.

पारदर्शक बाटली काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये पुढच्या रांगेत, ट्यूबलाइटखाली असेल तर मागची मागून घ्या. दुधात रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) असतं, ते प्रकाशात बिघडवायचं काम करतं. अशा दुधाला उकडलेल्या कोबीसारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. टेट्रापॅक आणि डब्यांना हा त्रास नाही. फुगलेलं पाकीट, पोचा पडलेला डबा, दरवाजात उन्हात ठेवलेला क्रेट, यांच्या वाटेला जायचं नाही. आणि थंड करण्याचे म्हणून छापील किमतीवर दोन रुपये जास्त मागितले तर दुकानात ते द्यायचं कारण नाही.

लेबलावरचं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण एक घोटही न घेता निम्मी चव इथे कळते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं दूध, दुसरं साखर, हे ठीक. पहिलंच पाणी असेल तर थांबा आणि खालच्या पोषणतक्त्याकडे जा. तिथे ‘एकूण साखर’ आणि ‘अतिरिक्त साखर’ असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज. साध्या दुधात १०० मिलीला ती पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असते. समजा तक्त्यात एकूण साखर ११ आणि अतिरिक्त ७ आहे. उरले ४, म्हणजे बाटलीत चार-पंचमांशाहून थोडं अधिक दूध आहे. उरले २, तर निम्म्याहून कमी दूध आणि बाकी पाणी. प्रथिनांवरूनही हाच ताळा घेता येतो, कारण दुधात १०० मिलीला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दुधाची पावडर घातली असली तरी हिशेब बसतो, कारण शेवटी पावडर म्हणजे दुधातला घन भागच.

अतिरिक्त साखर १०० मिलीला ७ असेल आणि बाटली २०० मिलीची असेल तर पोटात १४ ग्रॅम गेली, म्हणजे चहाचे सपाट तीनेक चमचे. जागतिक आरोग्य संघटना २,००० कॅलरींच्या आहारात अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, जमल्यास २५ च्या.

मग कॉफी. काही पाकिटांवर टक्केवारी छापलेली असते. ०.८ टक्के इन्स्टंट कॉफी म्हणजे २०० मिलीत १.६ ग्रॅम, घरी आपण एका कपाला घालतो त्याहून थोडी कमीच. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं लिहिलं असेल तर त्यात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, बाकी चिकोरी, म्हणजे एका रोपाचं भाजून दळलेलं मूळ. चिकोरी वाईट नाही. दाटपणा आणि गोडसर करपट चव तिच्यामुळे येते, दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीला तिची सवयच आहे. पण तिच्यात कॅफीन नसतं, आणि कॉफीचा वास म्हणून जे शोधताय ते तिच्याकडून मिळणार नाही.

आकड्यांनी लिहिलेले घटकही चवीशी जोडून वाचा. कॉफी आंबट, दूध जवळजवळ आंबट नसलेलं; दोन्ही एकत्र तापवली की दूध फाटायला बघतं. ते फाटू नये म्हणून ३४० किंवा ५०० क्रमांकाची, म्हणजे फॉस्फेट किंवा खाण्याच्या सोड्याच्या जातीची मिठं घालतात. ती हात सैल सोडून घातली असली तर शेवटाला साबणासारखी बुळबुळीत चव राहते. ४०७, ४१८, ४६०, ४६६ ही दाट करणारी मंडळी. ९५०, ९५५ आणि ९६० म्हणजे साखरेऐवजी वापरलेली गोडवा देणारी द्रव्यं. १५० हा कॅरमेलचा रंग. तो दिसला तर गडद रंगावरून कॉफी कडक असल्याचा निष्कर्ष काढू नका.

बैठकीची मांडामांड

वेळ सकाळी साडेनऊ-दहाची. पातळ भाजी आणि पाव खाऊन लगेच बसू नका, मिरची तासभर जीभ सोडत नाही. सोलकढीचंही तसंच, कोकमाच्या आंबटपणानंतर कुठलीही कॉफी गोडमिट्ट लागते. बारा वाजायच्या आत आटपा, कारण त्यानंतर आपल्या किंवा शेजारच्या स्वयंपाकघरात बांगडे तव्यावर पडतात आणि त्या वासापुढे कॉफीचं काही चालत नाही. उदबत्तीही तेवढा वेळ नको.

सारखे, लहान काचेचे ग्लास घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि पेला लगेच गार पडून हाताला फसवतो. बाटलीला तोंड लावून तर मुळीच नको, नाकाला तिथे जागाच नसते. प्रत्येक ग्लासात पन्नासेक मिली पुरे.

कंपनीचं नाव माहीत असलं की जीभ खोटं बोलते. एकाने आत जाऊन ओतावं आणि बाकीच्यांनी बाहेर बसावं. ग्लासावर मार्करने आकडे घालायचा बेत असेल तर गोव्याची हवा विसरू नका. पाच मिनिटांत काच घामाघूम होते आणि आकडे ओघळतात. ग्लासाखाली कागदाचा तुकडा ठेवण्यातही अर्थ नाही, तो भिजून चिकटतो. ग्लासांना वेगवेगळ्या रंगांची रबरं लावा आणि रंगांची यादी ओतणाऱ्याच्या खिशात राहू द्या.

मध्ये जीभ धुवायला साधं पाणी हवं, फ्रीजचं नव्हे. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर गाळलेलं किंवा उकळून निववलेलं वापरा. सोबत उंड्याचा, म्हणजे कडक सालीच्या गोव्याच्या पावाचा, आतला मऊ भाग. बिस्किटं नकोत, त्यांतच साखर असते.

आता एक पायरी जी लोक हमखास गाळतात: मापाचे ग्लास. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम साखरेचा एक आणि १० ग्रॅमचा दुसरा, दोन्ही फ्रीजमध्ये गार केलेले. सुरुवातीला दोन्हींचा घोट घेतला की ‘गोड’ या शब्दाला टेबलावर काहीतरी माप मिळतं. शिवाय घरी केलेली एक कॉफी: २०० मिली दूध, सपाट चमचाभर इन्स्टंट, १० ग्रॅम साखर, गार करून. ही बाटल्यांच्या रांगेत गुपचूप घुसवा. पुष्कळदा ती पहिली येते आणि पुढची खरेदीच रद्द होते.

तीन घोट, तीन वेळा

बाटली उघडण्याआधी नीट हलवा. गळ्याशी बसलेलं सायीचं कडं आणि तळाचा साका दोन्ही चवीचेच भाग आहेत. हलवल्यावर न विरघळणाऱ्या दह्यासारख्या कवड्या दिसल्या तर ती बाटली बैठकीतून आणि घरातूनही बाद.

पहिला घोट फ्रीजमधून आल्या आल्या, पाचेक अंशांवर. हा गिऱ्हाइकाचा घोट. गारवा, दाटपणा, तहान भागते का, एवढंच लिहा. दुसरा दहा मिनिटांनी. उन्हाळ्यात एवढ्या वेळात लहान ग्लास बारा-पंधरा अंशांवर येतो, पावसाळ्यात थोडा जास्त वेळ द्या. इथे कॉफी बोलायला लागते. तिसरा अर्ध्या तासाने. हा कसोटीचा घोट. गारव्याच्या भरवशावर घातलेली साखर आता उघडी पडते, दुधाचा शिजका वास वर येतो, आणि चांगली कॉफी असेल तर भाजलेल्या बीचा खमंगपणाही पहिल्यांदा इथेच जाणवतो. तिसऱ्या घोटाला ग्लास सरकवून द्यावासा वाटला तर ती कॉफी गारव्यावर विकली जाते आहे.

प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी वास. मग नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा. नाक बंद असताना कळतं ते जिभेचं: गोड, कडू, आंबट, किंचित खारट. मग नाक सोडा. त्या क्षणी जे एकदम उमलतं ते सगळं वासाचं. ही युक्ती साधी आहे पण तिच्यापुढे कृत्रिम स्वाद टिकत नाही. नाक सोडल्यावर व्हॅनिला किंवा टॉफी धावून आली आणि कॉफी कुठेच नाही, तर बाटलीत काय आहे ते कळलं. बंद नाकाने खरपूस कडवटपणा आणि सोडल्यावर भाजकेपणा, अशी जोडी जमली तर कॉफी खरी.

गिळल्यावर तीस सेकंद थांबा, काही बोलू नका. शेवट याच वेळात कळतो. साखरेचा गोडवा येतो आणि जातो. सुक्रालोजसारख्या, साखरेऐवजी घातलेल्या द्रव्यांचा उशिरा येतो आणि जिभेच्या मागे चिकटून बसतो. दाट करायला घातलेल्या डिंकांमुळे टाळ्याला पातळ थर राहतो. तो सायीचा वाटला तर उत्तम, शेंबडा वाटला तर प्रमाण चुकलंय.

जे लागलं ते का लागलं

शब्द आपले वापरा. ‘छान’, ‘बरी’ यांनी काही कळत नाही. पाणचट, मिळमिळीत, करपट, तुरट, आंबूस, पिठूळ, खमंग असे शब्द लिहिले की आठवड्यानेही वाचून चव आठवते.

करपट कडवटपणा बहुधा जास्त भाजलेल्या रोबस्टाचा. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या बियांच्या दोन मुख्य जाती. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा अरेबिकाच्या दुपटीहून अधिक आहे आणि तिच्यात कॅफीनही जवळपास दुप्पट. दुधात टिकून राहायला ती बरी, म्हणून दुधाच्या बाटलीत थोडा करपटपणा हा दोष धरू नका. काळ्या कोल्ड ब्रूमध्ये मात्र तो खपवून घेऊ नये. थंड पाण्यात भिजवल्याने कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही मवाळ यायला हवेत. तरीही तुरट लागली तर बी जास्त भाजलेली किंवा अर्क जास्त वेळ भिजलेला. डब्यावर ‘मॉन्सून्ड मलबार’ असेल तर आंबटपणा शोधत बसू नका. ही बी पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेली असते, तिच्यात आंबटपणा उरतच नाही. मातकट, जड चव हाच तिचा गुण.

दुधाच्या बाटलीत टोकदार आंबूसपणा आला तर माल जुना किंवा उन्हातला. पुठ्ठ्याचा वास म्हणजे प्रकाशाचा मार. शिजक्या दुधाचा वास मात्र प्रक्रियेचाच भाग आहे, पूर्ण टाळता येत नाही. भरून मग तापवलेल्या डब्यांत तो जास्त असतो. मराठी घरांत त्याचा फारसा बाऊ होत नाही, कारण आपली जुनी कॉफीच मुळी भरपूर उकळलेल्या दुधाची, वेलची-जायफळ घातलेली. बासुंदीच्या वळणावर जाणारी ही चव कुणाला बाटलीत सापडली आणि आवडली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपली आवड ओळखणं वेगळं आणि कॉफी किती आहे ते ओळखणं वेगळं, एवढं वहीत दोन रकान्यांत लिहावं.

दोन बाटल्या सारख्याच वाटत असतील तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोघांत एक, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा बरोबर येतंच, म्हणून ग्लासांची जागा बदलून चार-पाच वेळा करा. तरीही ओळखता येत नसेल तर स्वस्त घ्या.

उरलेल्या बाटल्यांचं काय

गोड जास्त झालेली कॉफी पाण्याच्या बर्फाने सुधारत नाही, पातळ होते. कडक काळी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि ते खडे ग्लासात टाका. वितळतील तसा गोडवा उतरतो आणि कॉफी चढते. कडवट लागत असेल तर चिमटीच्या टोकाएवढं मीठ. सोडियम कडवटपणा दाबतं. शिजक्या वासावर जायफळ. सावईवेऱ्याकडच्या कुळागरांतलं, म्हणजे सुपारी-मसाल्यांच्या बागांतलं, अख्खं मिळालं तर ग्लासावर दोनदाच किसा, तिसऱ्यांदा किसलं की कॉफी उरत नाही.

कॅफीनचा आकडा अनेक बाटल्यांवर नसतो. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर बाईला २०० पर्यंत, असा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेचा सल्ला आहे. दुधाच्या एका बाटलीने ही मर्यादा ओलांडत नाही, पण कोल्ड ब्रूचे काही डबे बरेच कडक असतात. चव पाहण्याच्या बैठकीत ती काळी कॉफी गिळण्याऐवजी थुंकायला एक भांडं ठेवलं तरी चालतं.

बाटली ग्लासात ओतून उरली असेल तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तोंड लावलेली असेल तर तेव्हाच संपवा. होमस्टेवाल्यांनी न उघडलेला साठा गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नये. जमिनीवरही नको, पावसाळ्यात ओल लागून खोके खालून सुटतात. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि जुना माल पुढे.